एनएचएलमध्ये हंगामाआधीचे वेव्हर्स: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

हॉकी म्हटलं की आपल्याला मैदानावरची हॉकी आठवते. इथे विषय आहे बर्फावरच्या हॉकीचा, उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगचा, आणि त्यातही हंगाम सुरू होण्याआधीच्या दहा-बारा दिवसांचा. कुणी मराठी मुलगा किंवा मुलगी कॅनडा-अमेरिकेत क्रीडा व्यवस्थापन शिकून एजंटच्या कार्यालयात किंवा क्लबच्या हॉकी विभागात रुजू होत असेल, तर हे दिवस नीट समजून घ्यायला हवेत. याच काळात कितीतरी खेळाडूंचं शहर आणि पगार बदलतो, आणि सगळं ठरतं ते आकड्यांवर आणि घड्याळावर.

आधी मुळातली अडचण बघा. सप्टेंबरात कॅम्प, म्हणजे सरावशिबिर, सुरू होतो तेव्हा एकेका क्लबकडे पन्नास-साठ खेळाडू असतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी रोस्टरवर, म्हणजे संघाच्या अधिकृत यादीत, चालतात फक्त २३. सामन्याला त्यातले २० उतरतात: १८ स्केटर आणि २ गोली, म्हणजे गोलरक्षक. उरलेल्यांना खाली एएचएल या दुय्यम लीगमध्ये पाठवायचं असतं. पण ठरावीक वय आणि अनुभव ओलांडलेल्या खेळाडूला क्लब थेट खाली पाठवू शकत नाही. आधी त्याला बाकीच्या ३१ क्लबांपुढे ठेवावं लागतं. यालाच वेव्हर्सवर टाकणं म्हणतात. कुणी उचललं तर तो आहे त्या करारासकट तिकडे जातो. कुणीच उचललं नाही तर तो क्लिअर झाला आणि क्लब त्याला खाली पाठवायला मोकळा झाला. आयपीएलच्या लिलावाशी याची तुलना होते, पण इथे बोली नसते. कराराची रक्कम ठरलेली असते, घ्या किंवा सोडा.

वेव्हर्सची यादी उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेनुसार दुपारी २ वाजता निघते. त्या दिवसांत भारतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. पुढचे २४ तास क्लबांना दावा नोंदवायला मिळतात आणि दुसऱ्या दिवशी दोनला निकाल. अंतिम रोस्टर हंगामाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत लीगकडे द्यावं लागतं. हे उलटीकडून मोजून बघा. २०२५ चा हंगाम मंगळवारी, ७ ऑक्टोबरला सुरू झाला. रोस्टर सोमवारी पाचला द्यायचं, म्हणजे सोमवारी दोनला निकाल हाती यायला हवा, म्हणजे खेळाडूला वेव्हर्सवर टाकायची खरी शेवटची संधी रविवारी दुपारी दोन. नवखी माणसं सोमवारची तारीख डोक्यात धरून बसतात आणि रविवारी गाफील राहतात. तुमचा खेळाडू काठावर असेल तर शनिवार-रविवारी फोन हातातच ठेवा.

दोन क्लबांनी एकाच खेळाडूवर दावा केला तर तळाचा क्लब आधी. १ नोव्हेंबरपर्यंत गेल्या हंगामाचा तक्ता उलटा धरतात, त्यानंतर चालू हंगामाचा. २०२४-२५ मध्ये सॅन होजे शार्क्स शेवटचे होते, म्हणून २०२५ च्या ऑक्टोबरात पहिला हक्क त्यांचा होता. तळाच्या चार-पाच क्लबांना कुठल्या जागेवर माणूस कमी आहे, हे कॅम्पच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा. तुमचा डावखुरा बचावपटू कुठे जाऊ शकतो, याचा अंदाज त्या कागदावरूनच येतो.

आता सगळ्यात जास्त चुका होतात तो भाग: कुणाला वेव्हर्स लागतात आणि कुणाला नाहीत. पहिला एनएचएल करार कितव्या वयात केला त्यावर सूट ठरते. स्केटरने अठराव्या वर्षी सही केली असेल तर ५ वर्षं किंवा १६० सामने, यातलं जे आधी पुरं होईल तोपर्यंत सूट. एकोणिसाव्या वर्षी केली तर ४ वर्षं किंवा १६० सामने. वीस असेल तर ३ वर्षं किंवा १६०. एकवीसला मात्र ३ वर्षं किंवा ८०, म्हणजे एका वर्षाच्या फरकाने सामने निम्मे होतात. बावीसला ३ वर्षं किंवा ७०, तेविसाला ३ वर्षं किंवा ६०, चोविसाला २ वर्षं किंवा ६०, आणि पंचवीस किंवा पुढे फक्त एक वर्ष. गोलींना वेळ जास्त मिळतो, कारण ते उशिरा पिकतात: अठराला ६ वर्षं किंवा ८० सामने, विसाला ४ वर्षं किंवा ८०.

यात दोन खाचा आहेत. अठरा-एकोणिसाव्या वर्षी सही केलेला स्केटर एका हंगामात ११ सामने खेळला की त्याची सूट आखडते: तो हंगाम धरून तीन वर्षं. म्हणून लवकर चमकलेला मुलगा आपल्या बरोबरीच्यांच्या आधी वेव्हर्सच्या कक्षेत येतो. दुसरी खाच वयाची. वीस आणि त्यापुढे पाहतात ते सही ज्या वर्षी झाली त्या कॅलेंडर वर्षात पुरं होणारं वय. जुलैत विसाव्या वर्षी सही करणाऱ्याचा वाढदिवस नोव्हेंबरात असेल तर लीगच्या लेखी तो एकवीसचा, आणि त्याचे १६० चे ८० झालेले असतात. जन्मतारीख, सहीची तारीख आणि सामन्यांची संख्या हे तीन रकाने प्रत्येक खेळाडूसमोर भरलेले असावेत, आणि ते कॅम्पच्या आधीच तपासलेले असावेत.

सूट संपली आहे की नाही यावरच कॅम्पमधले बरेच निर्णय होतात. एकविशीतला मुलगा कॅम्पमध्ये उत्तम खेळूनही खाली जातो आणि सव्विशीतला बेताचा खेळलेला वर राहतो. त्यात प्रशिक्षकाचा पक्षपात बहुधा नसतो. पहिल्याला खाली पाठवल्याने क्लबचं काही जात नाही, दुसऱ्याला पाठवायला गेलं तर तो फुकट हातातून जाण्याची भीती असते. मुलाला हे कॅम्पच्या आधी समजावून सांगा. नंतर सांगितलेलं सांत्वन वाटतं, आधी सांगितलेलं तयारीचा भाग होतं.

कराराबद्दलचे गैरसमज तर ठरलेले आहेत. ‘वन-वे करार आहे म्हणजे वेव्हर्स लागतात, टू-वे आहे म्हणजे लागत नाहीत’ हे साफ चूक आहे. वन-वे आणि टू-वे हा फक्त पगाराचा प्रश्न आहे. वन-वेवाल्याला एएचएलमध्येही तेवढाच पगार मिळतो, टू-वेवाल्याचा तिकडचा दर वेगळा असतो. तो फरक कागदावर मांडून दाखवा. २०२५-२६ मध्ये एनएचएलचा किमान पगार ७,७५,००० डॉलर होता. पगार हंगामाच्या दिवसांवर मिळतो, हंगाम साधारण १९० दिवसांचा, म्हणजे दिवसाला चार हजार डॉलरच्या आसपास. समजा एएचएलचा दर ९०,००० आहे, तर तिथे दिवसाला पावणेपाचशे. खाली काढलेला एकेक आठवडा किती महाग पडतो ते या दोन आकड्यांत दिसतं. दुसरा गैरसमज नो-ट्रेड कलमाचा, म्हणजे खेळाडूची दुसऱ्या क्लबशी अदलाबदल रोखणाऱ्या कलमाचा. ते वेव्हर्सपासून वाचवत नाही. वाचवतं ते नो-मूव्हमेंट कलम, त्यात खेळाडूच्या संमतीशिवाय वेव्हर्सवर टाकता येत नाही.

क्लबची बाजूही कळायला हवी. पगार जास्त असलेल्याला खाली पाठवलं तरी त्याचा सगळा बोजा कॅपवरून, म्हणजे क्लबच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेतून, उतरत नाही. किमान पगार अधिक ३,७५,००० डॉलर, एवढीच सवलत मिळते. २०२५-२६ मध्ये ती ११,५०,००० होती. तीस लाखांचा खेळाडू खाली गेला तरी १८,५०,००० कॅपवर राहतातच. त्या वर्षी कॅप ९ कोटी ५५ लाख डॉलरची होती. म्हणून मोठ्या करारातलं नाव यादीत दिसलं की समजायचं, क्लबला जागेची तातडी आहे, किंवा दुसरं कुणी पूर्ण पगारासह घेऊन जाईल तर बरंच, अशी इच्छा आहे.

हंगामाआधी इतकी नावं का टाकतात, हे एकदा लक्षात आलं की यादी वाचता येते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रत्येक क्लब स्वतःचीच माणसं कमी करत असतो. एकाला उचलायचं तर २३ मधला दुसरा काढायला हवा, आणि त्या दुसऱ्यालाही बहुधा वेव्हर्स लागतात. त्यामुळे एका दिवशी पंचवीस-तीस नावं आली तरी उचललं जाणारं नाव एखाद-दुसरंच निघतं. हुशार व्यवस्थापक गर्दीच्या दिवशी आपला माणूस टाकतो. नोव्हेंबरात, दुखापती सुरू झाल्यावर, तोच माणूस एकटा यादीत आला तर टिकत नाही.

आणि तरीही काही जण उचलले जातात, आणि त्यांचं सगळं पालटतं. गुस्ताव फोर्सलिंग हा स्वीडिश बचावपटू २०१९-२० चा अख्खा हंगाम एएचएलमध्ये शार्लटकडून खेळला होता. कोविडमुळे पुढचा हंगाम जानेवारी २०२१ मध्ये सुरू झाला, त्याच्या चार दिवस आधी, ९ जानेवारीला, फ्लोरिडा पँथर्सनी त्याला कॅरोलायनाकडून वेव्हर्सवर उचललं. बदल्यात एकही खेळाडू द्यावा लागला नाही. २०२४ आणि २०२५ असे सलग दोन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, तो पँथर्सकडून जिंकला, आणि २०२४ मध्ये त्याला वर्षाला ५७ लाख ५० हजार डॉलरचा आठ वर्षांचा करार मिळाला. मायकेल ग्रॅबनर ऑक्टोबर २०१० मध्ये फ्लोरिडाकडून असाच आयलँडर्सकडे गेला आणि त्या हंगामात त्याने ३४ गोल केले. गोली सॅम्युएल माँटेंबोही २०२१ च्या ऑक्टोबरात असाच माँट्रिअलकडे आला. खेळाडूचं नाव यादीत आलं की घरचे रडवेले होतात. त्यांना फोर्सलिंगची गोष्ट जरूर सांगा, ती खरी आहे आणि त्या रात्री तिचा उपयोग होतो.

उचलणाऱ्या क्लबलाही तो खेळाडू खाली पाठवता येत नाही, पुन्हा वेव्हर्सवरच टाकावं लागतं. तेव्हा मूळ क्लबने परत दावा केला आणि दावा करणारा तो एकटाच असेल, तर तो त्याला थेट एएचएलमध्ये पाठवू शकतो. क्रिस कुनिट्झचा २००५ चा प्रवास बघा: ॲनाहाइमकडून अटलांटाने उचलला, दोन सामने खेळवला, पंधरवड्यात ॲनाहाइमने परत घेतला. पुढे त्याने चार स्टॅन्ली कप जिंकले.

क्लिअर झाला म्हणजे लगेच खाली गेला, असं मात्र धरू नका. क्लिअर झालेला खेळाडू वरच राहू शकतो. रोस्टरवर एकूण ३० दिवस भरेपर्यंत किंवा १० सामने खेळेपर्यंत त्याला पुन्हा वेव्हर्स लागत नाहीत. क्लब त्याला वर-खाली करत राहतात आणि दिवस तुकड्यातुकड्याने साठतात. ते दिवस तुम्हीही मोजा. २९ व्या दिवशी खेळाडू अचानक खाली गेला तर कारण शोधायला लागू नये.

दुखापत लपवू नका, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. जखमी खेळाडूला क्लब खाली पाठवू शकत नाही. कॅम्प सुटायच्या वेळी ‘मी ठीक आहे’ म्हणून वैद्यकीय कागदावर सही केली आणि मांडीचा स्नायू आठवडाभराने फाटला, तर हे संरक्षण गेलेलं असतं. जागा जाईल या भीतीने मुलं दुखणं दाबतात. दुखलं की त्याच दिवशी क्लबच्या डॉक्टरकडे नोंद झाली पाहिजे.

खाली गेल्यावरही जागा पक्की नसते. एएचएलमध्ये सामन्याच्या १८ स्केटरपैकी १३ जण विकसनशील गटातले असावे लागतात: बारा जण २६० किंवा त्याहून कमी व्यावसायिक सामने खेळलेले आणि एक ३२० पर्यंतचा. तिशीतल्या अनुभवी खेळाडूंना उरलेल्या पाच जागांत बसायचं असतं. तिथे कोण कोण आधीच आहे ते पाहून मगच त्याला पुढचं चित्र सांगा. खाली जायला नकार दिला तर क्लब निलंबित करतो आणि पगार थांबतो. संमतीने करार मोडून युरोपात जाता येतं, पण राहिलेले पैसे सोडावे लागतात. शिवाय हंगाम सुरू झाल्यावर युरोपात सामना खेळून त्याच वर्षी एनएचएलमध्ये परतायचं असेल तर आधी वेव्हर्समधून जावं लागतं.

बाकी घरगुती तयारी. रोस्टर जाहीर होईपर्यंत वर्षभराचा भाडेकरार करायचा नाही, महिन्याच्या बोलीवर राहायचं. पासपोर्ट, व्हिसा आणि पत्नी-मुलांची कागदपत्रं एका पाकिटात हवीत. अमेरिकेतल्या क्लबकडून कॅनडातल्या क्लबकडे उचलला गेला की वर्क परमिट लागतं आणि त्यासाठी पहिले एक-दोन सामने हुकू शकतात. करही बदलतात. फ्लोरिडा, टेक्सस, टेनेसी, नेवाडा इथे पगारावर राज्याचा आयकर नाही, क्यूबेक-ओंटारिओत हातात येणारी रक्कम चांगलीच कमी होते.

आणि सामानाची बॅग. निकाल दोनला आला की संध्याकाळचं विमान असू शकतं. स्केट्सचे दोन जोड, धार लावायचं माप लिहिलेली चिठ्ठी, डझनभर स्टिक्स आणि त्यांच्या वाकाचा नमुना, दातांचं गार्ड. स्केट्स आणि गार्ड हातातल्या सामानात ठेवता आले तर उत्तम, आधी विचारून घ्या, आणि चेक-इन केलेच तर स्केट्सचे दोन जोड वेगवेगळ्या बॅगांत ठेवा, म्हणजे एक हरवली तरी दुसरी हाती लागते. हातमोजे आणि पँट जुन्या क्लबच्या रंगाची असते. नवीन येईपर्यंत पहिल्या सरावाला तीच घालतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. गोलीचं पॅड आणि रंगवलेला मास्क बनून यायला तर कितीतरी आठवडे जातात. नव्या क्लबच्या साहित्य व्यवस्थापकाचा नंबर मिळाला की पहिला फोन त्याला करा आणि स्टिकचा वाक, लांबी, हेल्मेटचं माप तेवढं सांगून टाका.