नवे पॅड टाकले तरी ब्रेक वाजतात? आधी पॅडचं घर बघा

पॅड बदलून गाडी बाहेर काढली, पहिल्याच सिग्नलला ‘चीं’ झालं आणि शेजारच्या रिक्षावाल्यानं मान वळवून बघितलं, की समजावं काम अर्धंच झालंय. गॅरेजात विचारलं तर उत्तर ठरलेलं: “पळवा की मालक आठवडाभर, जातंय आपोआप.” मी अख्खा पावसाळा पळवली. गेलं नाही. मग दुसऱ्या कंपनीचे पॅड टाकले. ते चार दिवस गप्प बसले आणि पाचव्या दिवशी पन्हाळ्यावरून उतरताना वाघबीळपर्यंत कोकलत आले. तिसरा सेट घ्यायला निघालो होतो, तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या फिटरनं पॅड उपसून बाजूला ठेवला आणि तो बसतो ती जागा बोटानं दाखवली. क्लिपखाली गंजाची पापुद्र्यासारखी पुटं चढली होती. पॅडचा काही दोष नव्हता.

त्यानंतर स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या मिळून बऱ्याच गाड्यांची चाकं उघडली. दहातल्या सात-आठ वेळा दुखणं त्याच जागी निघालं.

आधी आवाज ओळखा

काचा खाली करून एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीलगत गाडी सावकाश चालवा. भिंत आवाज परत फेकते, त्यामुळे कुठलं चाक ते कळतं. ब्रेक हलकेच दाबल्यावर बारीक चीं होत असेल, तर ते कंपन आहे आणि हा लेख त्याच्याचसाठी आहे. ब्रेक न दाबताच चाकाबरोबर आवाज फिरत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर डिस्कमागचा (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी, पॅड जिला दाबून धरतात ती चकती) पत्रा वाकून घासतोय का, खडा अडकलाय का, किंवा पॅडवरची झीज सांगणारी पत्ती उलट्या बाजूला बसलीय का, ते बघा. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर असेल तर गाडी तिथंच उभी करा. आणि फक्त सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला आवाज होत असेल, तर रात्रीच्या दमटपणानं डिस्कवर चढलेला गंज आहे तो. त्यासाठी चाक खोलू नका.

आणखी एक युक्ती. चार-पाच किलोमीटर जाऊन या, शक्यतो ब्रेक न मारता, आणि चारही रिमांजवळ हात न्या. टेकवू नका, नुसता जवळ न्या. एकच चाक भगभगत असेल तर तिथला पॅड किंवा ब्रेक ज्यावर सरकतो ती पिन अडकलीय.

खोलणं

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, जॅकबरोबर स्टँड. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, काढला की तारेनं वर बांधा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. पिस्टन, म्हणजे कॅलिपरमधला पॅडला ढकलणारा दट्ट्या, मागे दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या डब्यात डोकावा, भरून वाहिलं तर रंग सोलून काढतं.

खरी मेहनत: घर आणि पिन

पॅडचे दोन्ही कान, म्हणजे टोकं, कॅलिपरला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या खाचेत बसतात, हेच पॅडचं घर, आणि मध्ये स्टीलची पातळ क्लिप असते. क्लिपला सहसा गंज लागत नाही, तिच्याखालच्या ब्रॅकेटला लागतो. आपल्याकडे चार महिने पाऊस, पुढं ऊस तोडायला लागले की रस्त्यावर चिखल. ते पाणी क्लिपमागं जाऊन बसतं. गंज फुगतो, क्लिप पुढं ढकलतो, खाच अरुंद होते. जुना पॅड झिजत झिजत तिथं कसाबसा सरकत असतो. नवा पॅड कानाला जाड रंग घेऊन येतो आणि बसत नाही. मग मेकॅनिक हातोडी उचलतो.

हातोडीनं बसवलेला पॅड वाजणारच. ब्रेक सोडल्यावर त्याला मागं सरकता येत नाही, तो डिस्कला अर्धवट चिकटून राहतो. धरतो, सुटतो, धरतो, सुटतो, सेकंदाला हजारो वेळा. पिपाणीची पत्ती वाजते तसंच. डिस्क बिडाची असते, शिरोलीच्या फाउंड्रीत ओततात तसल्या करड्या बिडाची, आणि त्यातलं ग्राफाइट बरंच कंपन गिळतं. पण पॅडच आखडून बसला असेल तर ते तरी किती गिळणार?

म्हणून क्लिपा काढाच. वरवर ब्रश फिरवून ‘साफ झालं’ म्हणणारा माणूस दिसला की मी तिथं थांबत नाही. क्लिप काढल्यावर तारेच्या ब्रशनं सैल गंज पाडा, मग चपटी कानस घेऊन उरलेला खरवडा. इथं मी एकदा माती खाल्लीय. उत्साहात कानस चालवत राहिलो, ब्रॅकेटचंच लोखंड घासलं, पॅड सैल झाला आणि खड्ड्याखड्ड्याला ‘कट्-कट्’ वाजायला लागला. शेवटी ब्रॅकेटच बदलावं लागलं. गंज निघून लोखंडाची चकाकी दिसली, की कानस खाली ठेवा. पॅडच्या कानावरचा जादा रंगही खरवडून काढता येतो, पण फक्त रंग.

क्लिपा नव्या घ्या. पॅडच्या डब्यात नसतील तर वेगळ्या मागा. शिम, म्हणजे पॅडच्या पाठीवरचा पातळ पत्रा, जुना काढून फेकला गेला असेल तर आवाजाचं कारण तिथंच सापडलं. आता पॅड खाचेत ठेवा आणि एका बोटानं ढकला. सरकला पाहिजे. अंगठ्याचा जोर लागत असेल तर परत कानस. ही बोटाची परीक्षा पास झाल्याशिवाय मी पुढं जात नाही, मग संध्याकाळ होवो.

पिन. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बाहेर काढा. बऱ्याच गाड्यांत दोन्ही सारख्या नसतात, एकीवर रबराची बाही असते. कुठली वर, कुठली खाली, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. 2019 च्या पुरात पाण्यात उभी राहिलेली मेहुण्याची गाडी उघडली, तेव्हा खालची पिन पाना लावूनही हलेना. अशी पिन चिकटली की आतला पॅड झिजून पत्र्याला लागतो आणि बाहेरचा कोरा राहतो.

ग्रीसच्या बाबतीत मी अडून बसतो. घरात बेअरिंगचं पिवळं ग्रीस असतं म्हणून तेच पिनांना लावायचं नाही. मी लावलं होतं. त्यातल्या तेलानं रबर फुगलं आणि दोन महिन्यांत पिन परत जाम. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच, तेही पातळ थर. पॅडच्या कानांना आणि पाठीला उष्णता सोसणारं ब्रेक ग्रीस, टिकलीएवढं. पॅडच्या पुढच्या तोंडाला किंवा डिस्कला चुकूनही नाही. आवाज थांबावा म्हणून डिस्कवर तेल टाकायला सांगणारे महाभाग भेटतात. अशा माणसाच्या गाडीत बसून गगनबावड्याचा घाट उतरायला जाऊ नये.

डिस्क

कडेला नख लावून बघा. उंच काठ तयार झाला असेल तर नवा पॅड त्याला घासून वाजतो. काठ असेल किंवा खोल रेघा असतील तर लेथवर नेऊन दोन्ही बाजूंच्या डिस्क कापून घ्या. कोल्हापुरात लेथवाला शोधावा लागत नाही. मात्र डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, त्याखाली जात असेल तर नवी घ्या. नुसतीच आरशासारखी चमकत असेल तर 120 नंबरचा पॉलिश पेपर गोल गोल फिरवणं पुरतं. पुसायला ब्रेक क्लीनर वापरा. डिझेलनं पुसलं तर तेलकट थर राहतो. धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका, ती तुमच्याच छातीत जाते.

पॅड बसवणं

जुळवा, बोल्ट मॅन्युअलप्रमाणे कसा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. एकदा विसरलो होतो, गेट थोडक्यात वाचलं.

मग पॅड डिस्कवर बसू द्या. पहाटे शेंडा पार्ककडचा रस्ता मला बरा पडतो, मागं उसाचा ट्रॅक्टर नसतो. ताशी 50-60 वरून 10-15 पर्यंत सावकाश, एकसारखा ब्रेक, पूर्ण न थांबता, असं आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी मध्ये थोडं पळवून. नंतर ब्रेक न मारता पाचेक किलोमीटर चालवून थंड करा. पेडल दाबून धरून उभं राहू नका, गरम डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो. घरी आल्यावर लगेच चाकांवर पाणी तर मुळीच नको.

तरीही चीं येत असेल आणि ती मागून येतेय असं वाटत असेल, तर बऱ्याच लहान गाड्यांना मागं डिस्कऐवजी ड्रम असतात. तिथं लायनरची, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तराची, भुकटी साठलेली असते आणि नवे पॅड बिचारे फुकट शिव्या खात असतात. ड्रम उघडा.