विमानाआधीची कॉफी : घड्याळ उलटं मोजा

इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून पहाटेचं पुण्या-मुंबईचं विमान पकडायचं, तर घरी चहासुद्धा होत नाही. मग कॉफी विमानतळावरच. पण ती सुरक्षा तपासणी झाल्यावरच घ्या, आधी नाही. बाहेर रांग दिसत नसली तरी आतली रांग कधी वाढेल सांगता येत नाही, आणि हातात गरम पेला घेऊन ट्रेमध्ये लॅपटॉप काढून ठेवणं फार अवघड.

बोर्डिंग पासवरची वेळ नीट वाचा. देशांतर्गत विमानाचं गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं. म्हणजे ६.३०चं विमान असेल तर ६.०५ हीच तुमची खरी वेळ. त्याच्या किमान अर्धा तास आधी ऑर्डर दिलेली असावी. त्यापेक्षा उशीर झाला असेल, तर कॉफी सोडून द्या.

वेळ कमी असेल तर कॅपुचिनो नको, दूध फेसाळण्यात वेळ जातो. काळी कॉफी लगेच मिळते. घट्ट झाकण मागा, थोडं थंड पाणी घालायला सांगा म्हणजे जीभ भाजत नाही. घोषणेवर विसंबू नका, विमानांच्या वेळा दाखवणारा पडदा दिसेल अशीच खुर्ची पकडा.

आईबाबा सोबत असतील तर एक काळजी जरूर घ्या : कॉफीने लघवीला लवकर लागते, आणि विमान वर चढत असताना सीटबेल्ट लावून बसावंच लागतं. गेटवर जाण्याआधी त्यांना स्वच्छतागृहात नेऊन आणा.