मुलाचा स्वभाव आणि रस्ता ओलांडणं: या चुका टाळा

‘नीट बघून जा’ ही सूचना घरातल्या प्रत्येक मुलाला सारखीच मिळते, उतावळ्यालाही आणि भित्र्यालाही. पण बारा ते अठरा वयाची सगळी मुलं रस्त्यावर एकाच ठिकाणी चुकत नाहीत. रस्ता ओलांडताना चार कामं करावी लागतात: जागा निवडणं, दोन्हीकडे बघणं, निघायचं की थांबायचं हे ठरवणं आणि प्रत्यक्ष चालणं. ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे यातलं एखादं काम कच्चं राहतं. ते कोणतं हे न शोधता उपदेश करत राहणं, ही मोठ्यांची पहिली चूक.

न मोजता ‘आता मोठा झालाय’ म्हणणं

दोन लेनचा रस्ता साधारण ७ मीटर रुंद असतो. सेकंदाला १.२ मीटर या नेहमीच्या चालीने तो पार करायला ६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ८३ मीटर पुढे येते. ३ सेकंद राखून ठेवायचे तर निघताना गाडी १२५ मीटर लांब हवी. बहुतेक मुलांना हे अंतर ऐकून धक्का बसतो, कारण ती याच्या निम्म्यात निघत असतात.

तपासणी घरच्या घरी करता येते. मुलाच्या रोजच्या वाटेवर, फुटपाथच्या कडेपासून दोन पावलं मागे दोघांनी उभं राहा. रस्ता ओलांडायचा नाही. ‘मी या क्षणी निघालो असतो’ असं वाटलं की मुलाने फक्त ‘आता’ म्हणायचं. तुम्ही मोबाइलमधलं स्टॉपवॉच सुरू करा आणि उजवीकडून वा डावीकडून जी गाडी आधी समोर येईल तिला ते थांबवा. असं दहा वेळा करून आकडे लिहा. ७ मीटरच्या रस्त्यावर ९ सेकंदांपेक्षा कमी आलेला प्रत्येक आकडा म्हणजे चुकलेला निर्णय. दप्तर पाठीवर असताना मुलाला ७ मीटर चालायला खरोखर किती वेळ लागतो, तेही मोजा. बरीच मुलं दप्तरासकट रेंगाळत चालतात.

हे आकडे बोलके असतात. सगळे पाच-सहाच्या आसपास आले, तर ठरवण्यात घाई आहे. दोन गाड्यांमध्ये चांगली मोठी फट दिसूनही ‘आता’ उशिरा आलं, तर लक्ष दुसरीकडे आहे. आणि पंधरा सेकंदांच्या फटी सोडून देऊन मग अचानक सहाची पकडली, तर मूल भित्रं किंवा संकोची आहे.

भित्रं मूल सुरक्षित समजणं

आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित राहणारा धोका हाच आहे. शांत, जपून वागणाऱ्या मुलाची पालकांना काळजी वाटत नाही. पण हे मूल बराच वेळ थांबतं, मागे माणसं जमतात, ‘सगळे माझ्याकडेच बघतायत’ असं त्याला वाटू लागतं आणि त्या दडपणाखाली ते नको त्या क्षणी पाऊल टाकतं. किशोरवयातल्या या भावनेला मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं होतं.

पुढची चूक रस्त्याच्या मध्यावर होते. हॉर्न वाजला की हे मूल दचकून मागे वळतं. समोरून येणाऱ्या चालकाने मात्र ते पुढे जाणार असं धरून गाडी त्याच्या मागून काढायला वळवलेली असते. म्हणजे मूल परत फिरतं ते नेमकं गाडीच्या वाटेत. म्हणून अशा मुलाला ‘जपून’ हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकवू नका, त्याने कचरणं वाढतं. त्याला ठरलेली कृती द्या. शंका काय ती फुटपाथवरच संपवायची. पाऊल टाकलं की एकसारख्या चालीने चालायचं, दोन्हीकडे लक्ष ठेवायचं, धावायचं नाही. अडकलंच तर मधल्या रेषेवर उभं राहायचं, मागे पळायचं नाही. दुभाजक असलेली जागा या मुलांसाठी उत्तम, कारण अर्धा-अर्धा रस्ता वेगळा ठरवता येतो.

अनोळखी घोळक्यात मिसळून, स्वतः न बघता निघण्याची सवयही याच मुलांना असते. ‘काका, मी पण येते तुमच्याबरोबर’ असं म्हणायला हरकत नाही, पण मान स्वतःची वळलीच पाहिजे.

धाडसी मुलाला अपघाताचे व्हिडिओ दाखवणं

थराराची ओढ असलेल्या मुलाला धोका कळत नाही असं नाही. धोका त्याला दिसतो, पण ‘मला काही होत नाही’ ही खात्री त्याहून मोठी असते. भयानक दृश्यं त्याला दुसऱ्याची गोष्ट वाटतात. त्याच्याशी आकड्यांत बोला. ताशी ५० च्या गाडीचा चालक सावध होऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो, म्हणजे २१ मीटर. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी १४ मीटर. एकूण ३५. ओल्या रस्त्यावर यात सहज दहाएक मीटरची भर पडते. हात दाखवून गाडी थांबवायची सवय इथेच फसते: वीस मीटरवरच्या गाडीला हात दाखवला तर चालकाची कितीही इच्छा असली तरी ती वेळेत थांबणार नाही.

या मुलांना वरची स्टॉपवॉचची तपासणी आवडते. मात्र स्पर्धा ‘कोण कमी फटीत जाईल’ अशी नको, ‘गाडी किती सेकंदांत येईल हे कोण अचूक सांगतं’ अशी हवी. त्यात मोटारसायकल मुद्दाम घ्या. लहान आकाराची वस्तू आपल्याला उशिरा पोहोचेल असं वाटतं. त्यामुळे त्याच अंतरावरचा, त्याच वेगाचा ट्रक जवळ भासतो आणि दुचाकी लांब.

उतावळ्याला ‘बघ’ सांगणं

तो बघतोच. मान उजवीकडे-डावीकडे फिरते, पण पाय आधीच निघालेले असतात. त्याला बघायला नाही, थांबायला शिकवायचं आहे. दोन्ही पावलं कडेला जुळवायची, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायचं आणि दिसलेली सगळ्यात जवळची गाडी मोठ्याने सांगायची: ‘लाल रिक्षा, खांबापाशी’. नाव घ्यायचं म्हटलं की नजर आपोआप टिकते. एकेरी रस्त्यावरही डावीकडे बघणं सोडू नये, उलट दिशेने येणारी दुचाकी आपल्याकडे नवी नाही. थांबलेल्या बसच्या पुढून जायचं असेल तर बसच्या कडेशी पुन्हा एकदा थांबणं आवश्यक आहे.

क्लासला उशीर झाला की शांत मूलही उतावळं होतं. तिथे स्वभाव बदलायची गरज नसते, दहा मिनिटं आधी निघालं की पुरतं.

स्वतःच्या विचारात हरवणाऱ्या मुलांबाबत एकच सांगायचं. इअरफोन एका कानातून काढला की भागतं, हे खरं नाही. आवाज कोणत्या बाजूने येतोय हे दोन्ही कानांत पोहोचणाऱ्या आवाजातल्या फरकावरून कळतं. इलेक्ट्रिक स्कूटरचा तर आवाजच जेमतेम असतो.

एकट्याला पारखून घोळक्यात सोडणं

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांच्या २००५ मधल्या प्रयोगात किशोरांनी गाडी चालवण्याच्या खेळात एकटं असण्यापेक्षा मित्रांसमोर जास्त धोका पत्करला. प्रौढांत तसा फरक दिसला नाही. रस्त्यावर याला एक यांत्रिक कारणही जोडलं जातं. चौघे एकामागून एक निघाले तर पहिल्याने निवडलेली फट चौथ्यापर्यंत येताना दोन-तीन सेकंदांनी कमी झालेली असते, आणि चौथा बहुधा सगळ्यात लाजरा असतो. त्यामुळे एका रांगेत आडवं उभं राहून एकदम निघायचं, ते जमत नसेल तर प्रत्येकाने आपापली फट नव्याने निवडायची. ‘चल ना, काय घाबरतोस’ हे वाक्य फुटपाथवर कोणी बोलायचं नाही, असा नियम वर्गशिक्षक वर्गात करून घेऊ शकतात.

मुलाला ‘धांदरट’, ‘भित्री’ अशी नावं मात्र ठेवू नका. आकडे दाखवा आणि चुकलेलं काम सांगा. महिनाभराने तपासणी परत करा. जूनमध्ये ती हमखास करावी: नवं कॉलेज, नवा रस्ता, पहिला पाऊस. त्या दिवशी मुलाला रेनकोट घालूनच उभं करा. टोपी डोक्यावर असताना मान वळली तरी टोपी जागची हलत नाही आणि बाजूचं निम्मं दृश्य झाकलं जातं, हे त्याला स्वतःला दिसू द्या.