कोअर स्विच बदलण्याआधी

नाशिकच्या अंबड किंवा सातपूरमधल्या कारखान्यात कोअर स्विच बदलायचा असेल, तर रॅकला हात लावण्याआधी पत्त्यांचा तक्ता पक्का करा. शॉप फ्लोअर, स्टोअर, अकाउंट्स, कॅमेरे या सगळ्यांचे अ‍ॅक्सेस स्विच याच स्विचला येऊन मिळतात आणि एका व्हीलॅनमधून (त्याच स्विचवर वेगळा काढलेला नेटवर्कचा भाग) दुसऱ्यात जाणारी वाहतूक इथेच राऊट होते. म्हणजे प्रत्येक व्हीलॅनचा गेटवे, बाहेर जाण्याचं दार, हा याच्यावरचा आयपी. तो चुकला, तर तो पूर्ण विभाग बाहेरच्या जगापासून तुटतो.

व्हीलॅनचा नंबर पत्त्यात दिसू द्या. अकाउंट्स २० असेल तर १०.१०.२०.०/२४, कॅमेरे ४० असतील तर १०.१०.४०.०/२४. प्रत्येकात २५४ पत्ते मिळतात, बहुतेक विभागांना पुरतात. दोन कोअर असतील तर पत्त्याच्या शेवटी .२ आणि .३ त्यांचे स्वतःचे, .१ व्हीआरआरपीचा सामाईक (एक बंद पडला तर दुसरा तोच पत्ता चालवतो), आणि गेटवे म्हणून सगळीकडे .१ च द्यायचा. १९२.१६८.१.० मी टाळायलाच सांगेन. कितीतरी घरच्या राऊटरवर तेच नेटवर्क असतं, मग इंदिरानगरातल्या घरून व्हीपीएनने काम करणाऱ्याला कारखान्याचा सर्व्हर सापडत नाही.

आता सगळ्यात वेळखाऊ काम. सीएनसी मशीन, बायोमेट्रिक हजेरी, जुने प्रिंटर यांच्यात आयपी बहुधा हाताने टाकलेला असतो. प्रत्येकापाशी जाऊन आयपी, मास्क, गेटवे लिहून आणा. ऑपरेटरला विचारा, त्याला आयटीपेक्षा जास्त माहीत असतं. जिथे सेटिंग बदलायला मशीन कंपनीचा माणूस बोलवावा लागतो, तिथे जुनाच गेटवे पत्ता नव्या स्विचवर ठेवा.

कॉन्फिगरेशन टेबलावरच, कन्सोल केबल लावून पुरं करा. आयपी राऊटिंग चालू आहे ना, ते बघा. काही मॉडेलवर ते मुळात बंद असतं. डीएचसीपी सर्व्हर (आपोआप आयपी वाटणारा) वेगळ्या व्हीलॅनमध्ये असेल तर प्रत्येक व्हीलॅनच्या इंटरफेसवर रिले द्या, म्हणजे मागणी त्या सर्व्हरपर्यंत पोचते. फायरवॉलकडे डिफॉल्ट राऊट द्या आणि फायरवॉलवर व्हीलॅनकडे परतीचे राऊट टाका. हे हमखास राहतात, मग आतलं सगळं चालतं पण इंटरनेट येत नाही. स्पॅनिंग ट्रीची (स्विचमधले फेरे, म्हणजे लूप, रोखणारी व्यवस्था) प्रायॉरिटी ४०९६ करा, म्हणजे हाच स्विच रूट, त्या व्यवस्थेचा मुख्य, होतो. सगळेच मूळच्या ३२७६८ वर राहिले, तर ज्याचा मॅक पत्ता (स्विचचा कारखान्यातून आलेला क्रमांक) सर्वांत लहान तो रूट होतो, मग तो कोपऱ्यातला जुना स्विच का असेना.

दोन शेडमध्ये फायबरच हवी. तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच चालते, शिवाय मे-जूनच्या विजांत तीच पोर्ट जाळते. पिंपळगाव-दिंडोरीकडच्या पॅकहाऊसचं काम असेल तर द्राक्षांचा हंगाम संपेपर्यंत थांबा.

बदलाच्या दिवशी जुन्या कॉन्फिगरेशनची प्रत लॅपटॉपवर घ्या आणि केबलना टॅग लावा. जोडल्यावर प्रत्येक व्हीलॅनमधून आधी गेटवे, मग सर्व्हर, मग इंटरनेट पिंग करा. एखादं मशीन गप्प राहिलं तर त्याचा एआरपी (कुठला आयपी कुठल्या मॅकचा, याची साठवलेली नोंद) पुसा किंवा ते रीस्टार्ट करा. कॉन्फिगरेशन सेव्ह करा. जुना स्विच पहिली पूर्ण शिफ्ट पार पडेपर्यंत रॅकमध्येच राहू द्या.