'पट्टी काढून द्या' म्हणजे नेमकं काय?

लातूरच्या आडत बाजारात सौदा संपला की दुकानादुकानांत पट्ट्या बनू लागतात. माल किती भरला, काय भावानं गेला, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती पडणार, हे सगळं त्या एका कागदावर असतं. आम्ही अशा दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. त्याला एआय एजंट, म्हणजे साध्या भाषेत सांगितलेलं काम स्वतः करणारा प्रोग्रॅम, जोडायचं ठरलं. सॉफ्टवेअरमधलं जे एकेक काम एजंटला वापरता येतं, त्याला टूल म्हणतात. या टूल्सची वर्णनं लिहायचं काम माझ्याकडं आलं. आता नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरापोरींकडंही हे काम येऊ लागलंय, म्हणून जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, एजंट तुमचा कोड बघत नाही. त्याच्यासमोर मुख्यतः तीन गोष्टी असतात: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कशी द्यायची ते सांगणारा जेसन स्कीमा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंटला टूल जोडायची एक सामायिक पद्धत, सगळ्यांसाठी खुला केला, त्यामुळं एकदा लिहिलेलं टूल वेगवेगळ्या एजंटना जोडता येतं. पण त्यातही गाभा याच तीन गोष्टींचा आहे. नवा माणूस अडला तर शेजारच्याला विचारतो. एजंट बऱ्याचदा विचारत नाही, अंदाज बांधून पुढं जातो.

माझी चूक इथंच झाली. जुनी पट्टी दाखवणाऱ्या टूलचं वर्णन मी लिहिलं होतं, 'पट्टीसाठी वापरा.' नवी बनवणाऱ्याचं, 'पट्टी काढते.' एका शेतकऱ्याचा मुलगा दुकानात आला आणि म्हणाला, "आबांची मंगळवारची पट्टी काढून द्या की." मुनीमकाकांनी तेच वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. एजंटनं नवी पट्टी बनवली. एकच माल दोनदा विकल्याची नोंद झाली आणि संध्याकाळी हिशेब जुळेना. काकांचं वाक्य बरोबरच होतं. आपल्याकडं 'काढणे' म्हणजे शोधून देणंही असतं आणि तयार करणंही. ते वर्णनात सांगणं माझं काम होतं.

मग नव्यानं लिहिलं: 'आधी बनलेली पट्टी शोधून दाखवते. नोंदीत काहीही बदलत नाही. पट्टी काढा, पट्टी पाहिजे, हिशेब दाखवा असं म्हटलं तर आधी हेच टूल वापरा. पट्टी सापडली नाही तर वापरणाऱ्याला विचारा, स्वतःहून नवी बनवू नका.' टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही आणि नोंदीत काय बदलतं, एवढं तरी प्रत्येक वर्णनात हवंच. शिवाय एकाच आवक पावतीवर दुसरी पट्टी बनणारच नाही, अशी अट कोडमध्येही घातली. पैशाचा व्यवहार नुसत्या वर्णनाच्या भरवशावर सोडू नका.

स्कीमात सगळ्यात जास्त घोळ एककांचा होतो. 'वजन' एवढंच नाव दिलं तर ४० म्हणजे किलो की क्विंटल? आम्ही नावच 'वजन किलोमध्ये' असं केलं आणि खाली लिहिलं की १ क्विंटल म्हणजे १०० किलो. कट्ट्याचं, म्हणजे पोत्याचं, वजन मात्र ठरलेलं नसतं, म्हणून नुसते कट्टे सांगितले तर वजन विचारायचं, असंही लिहिलं. तारखेचं तसंच. ०५/१० म्हणजे आपल्याला ५ ऑक्टोबर, पण कुणी १० मे वाचेल. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असं उदाहरणासकट लिहा.

चूक झाल्यावर टूल जो संदेश देतं तोही वर्णनाचाच भाग आहे, हे मला उशिरा कळलं. २०२३ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. आमच्या यादीत नवी नावं होती, लोक जुनीही बोलत होते. टूल नुसतं 'अवैध माहिती' म्हणायचं आणि एजंट तीच विनंती पुन्हा पुन्हा पाठवायचा. आता उत्तर येतं, 'उस्मानाबाद यादीत नाही, धाराशिव पाठवा.' पुढच्याच खेपेला काम होतं.

वर्णन मराठीत लिहावं की इंग्रजीत? मी इंग्रजीत लिहितो, पण दुकानातले शब्द मराठीतच ठेवतो. 'पट्टी'ला 'बिल' म्हटलं की अर्थ निसटतो.

आणि तपासल्याशिवाय सोडू नका. मी दोन दिवस मुनीमकाकांशेजारी बसून त्यांची ४० वाक्यं वहीत उतरवली. वर्णनातला एक शब्द बदलला तरी ती सगळी पुन्हा चालवतो आणि कोणतं टूल निवडलं, कोणती माहिती भरली, ते लॉगमध्ये, म्हणजे एजंटनं काय काय केलं त्याच्या नोंदीत, बघतो. सोयाबीनची आवक वाढली की अजूनही एक दिवस दुकानात जाऊन बसतो. गेल्या हंगामात वहीत उतरलेलं शेवटचं वाक्य, "त्या औशाच्या पाव्हण्याचं काय राहिलंय बघ." त्यासाठीचं टूल सध्या लिहितोय.