जुना ट्रक पुन्हा रस्त्यावर आणायचा तर

जुन्या ट्रकचं वेड लागलं की बहुतेक जण आधी ट्रक शोधायला निघतात. आधी जागा शोधा. नुसता रिकामा ट्रकसुद्धा तीन-चार टनांच्या घरात जातो. चारी बाजूंनी फिरायला वाट सोडायची, काढलेला गिअरबॉक्स ठेवायचा, चाकं रचायची म्हटलं की तीस बाय पंधरा फुटांच्या खाली काम भागत नाही. वर पत्रा हवा आणि खाली कोबा. मातीत जॅक रुततो आणि रुतलेला जॅक माणसाच्या अंगावर येतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटर दुरुस्त करता येते, ट्रक नाही.

कुठला ट्रक घ्यावा

आपल्याकडे हौशी माणसाला परवडेल आणि सापडेल असा जुना ट्रक म्हणजे मुख्यतः टाटा. जमशेदपूरच्या टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझशी करार करून 1954 मध्ये ट्रक बनवायला सुरुवात केली आणि एल-312 हा पुढे निघालेला बोनेट असलेला ट्रक देशभर गेला. करार 1969 मध्ये संपला, तोपर्यंत या गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता. त्यानंतर तिथे टाटांचा ‘टी’ आला. म्हणून 1972 ची गाडी घेऊन तिला तारा चिकटवू नका. जाणत्याला ते लगेच कळतं आणि हसू होतं.

याशिवाय अशोक लेलँडचा कॉमेट, मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेले फार्गो आणि डॉज, हिंदुस्थान मोटर्सचे बेडफर्ड, आणि लष्करी लिलावातून आलेले, जबलपूरच्या कारखान्यात मान या जर्मन कंपनीच्या परवान्याने तयार झालेले शक्तिमान आहेत. दिसायला फार्गोसारखा देखणा ट्रक नाही असं माझं मत, पण त्याची काच, दिव्याची कडी, दाराचं हँडल शोधता शोधता वर्षं जातात. पहिलाच ट्रक असेल तर टाटा 1210 घ्या. यातले 12 म्हणजे मालासकट एकूण वजन सुमारे 12 टन आणि 10 म्हणजे साधारण 100 अश्वशक्ती. या गाड्या इतक्या चालल्या की त्यांचे क्लचप्लेट, किंगपिन, गॅस्केट ट्रान्सपोर्टनगरच्या दुकानांतून अजूनही निघतात, आणि डोळे मिटून इंजिन खोलणारे मिस्त्रीही आहेत. हे मिस्त्री आता साठी-सत्तरीचे झालेत, तेव्हा घाई करावी ती इथे.

साखर कारखान्यांचे आवार, खडीक्रशर, गावाबाहेरच्या वीटभट्ट्या, बंद पडलेली राइसमिल, अशा ठिकाणी उभ्या गाड्या सापडतात. पाहायला जाताना टॉर्च, पोकळ पाइप आणि हातोडी न्या. रंग बघू नका, चासी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा बघा. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर जिथे चासीला रिव्हेट केलेले असतात तिथे आणि केबिनच्या मागे, या दोन जागी चासी तडकते. हातोडीने टकटक करत जा. बद्द आवाज आला की तिथे गंज किंवा जुनं वेल्डिंग दडलेलं आहे. इंजिन जाम असलं तरी चालेल, चासी वाकलेली असेल तर परत फिरा.

कागद

आरसी बुकावरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर जुळतो का ते स्वतः पाहा. गंज घासून त्यावर कागद धरायचा आणि पेन्सिलीने छाप उठवायची, आरटीओत करतात तसंच. नोंदणी रद्द करून भंगारात विकलेली गाडी स्वस्त मिळते, पण ती फक्त अंगणात शोभेला.

‘व्हिंटेज नंबर काढू’ असं सांगणारा दलाल भेटेल. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरमालिका दिली, हे खरं. पण ती व्याख्या 50 वर्षांहून जुन्या दुचाक्या आणि प्रवासी मोटारींपुरती आहे. मालवाहू गाड्या त्यात बसत नाहीत. म्हणजे ट्रक रस्त्यावर आणायचा तर नेहमीच्या मालवाहू गाडीसारखं फिटनेस, विमा, पीयूसी सगळं लागतं. पैसे देण्याआधी आपल्या आरटीओत आरसीची प्रत दाखवून विचारा. कारचं लायसन्सही चालत नाही. हलक्या वाहनाचा परवाना एकूण वजन साडेसात टनांपर्यंतच पुरतो, 1210 ला अवजड वाहनाचा परवाना हवा.

खोलण्याआधी

फोटो काढा, भरपूर. प्रत्येक वायरला, नळीला, नटबोल्टच्या पिशवीला चिठ्ठी लावा. कंटाळवाणं काम आहे, त्यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही.

चाकं: इथे सगळ्यात जास्त जपायचं

इंजिनाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण जुन्या ट्रकवर माणसं जातात ती चाकामुळे. या गाड्यांची डिस्क एकसंध नसते. ट्यूब-फ्लॅपचा टायर डिस्कवर चढवून बाहेरून लोखंडी लॉकरिंग बसवतात आणि टायरमधली हवाच त्या रिंगला जागेवर दाबून धरते. 9.00-20 मापाच्या टायरात साधारण 100 पीएसआयच्या आसपास हवा असते. रिंग गंजून पातळ झाली असेल, नीट बसली नसेल, आणि आपण समोर उकिडवे बसून हवा भरत असू, तर ती रिंग उडते. छातीवर किंवा तोंडावर बसली तर माणूस वाचत नाही.

म्हणून क्रम असा. गाडी समतल जागी, चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके. चाकाचा एकही नट ढिला करायच्या आधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. मागे जोडचाक असेल तर दोन्ही टायरांतली. पिन काढल्यावर वॉल्व्हमध्ये तार घालून बघा, कारण कधी गंजाचा कण अडकतो आणि टायर रिकामा वाटतो. मग नट. ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांना, म्हणजे बेडफर्ड-लेलँडला, डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. दोन माणसं पाइप लावून लोंबकळली तरी सुटत नाहीत आणि शेवटी स्टड तुटतो. स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेला आहे का ते आधी साफ करून पाहा.

डिस्क-रिंग तारेच्या ब्रशने घासून पांढरी करा. तडा, वाकलेली कड, खोल गंज, यापैकी काहीही दिसलं तर भंगारात. रिंगला वेल्डिंग करून देणारा कारागीर गाठ पडला तर त्याला नमस्कार करून निघा. दुसऱ्या मॉडेलची रिंग ‘बसते की’ म्हणून बसवू नका. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात, नळीला अडकवायचा चाप, आणि आपण बाजूला, लांब. पिंजरा नसेल तर ट्रकचं टायर करणाऱ्या चांगल्या दुकानात चाक न्या.

गाडी उचलली की नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. अ‍ॅक्सलखाली मजबूत लोखंडी घोड्या (स्टँड) लावा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते न सांगता फुटतात.

ब्रेक

गाडी चालू व्हायच्या आधी ती थांबली पाहिजे. ड्रम उतरवले की आत काळी भुकटी दिसेल. तिला कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा, फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरची रबरं, लवचिक नळ्या, सगळं नवं घाला. बाहेरून चांगली दिसणारी जुनी नळी आतून सुजून बंद झालेली असते. हवेच्या मदतीचे ब्रेक असतील तर हवेची टाकी उघडून आतलं पाणी-तेल काढा आणि टाकी गंजून पातळ झालेली नाही याची खात्री करून घ्या.

इंजिन

वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाला बॅटरी जोडून सेल्फ मारायचा मोह होतो. आवरा. आधी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा आणि चार-आठ दिवस विसरून जा. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने थोडं पुढे, थोडं मागे हलवा. अडलं तर पाइप लावून जोर करू नका, पुन्हा तेल सोडा. हललं की दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा. नाहीच हललं तर हेड उतरवायचं.

सोबत चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवून आतला गाळ खरवडा. हे टाळून नवं ऑइल भरलं तर त्यातल्या साफ करणाऱ्या रसायनांनी जुना गाळ सुटतो आणि ऑइलच्या वाटेत अडकतो. रेडिएटरचं पाणी सोडा, इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवरच्या टोप्या पाहा. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलेलं असतं, आत चुन्याचा थर असतो. डिझेलची टाकी उतरवून धुवा. टाकीला भोक असेल तर ती घरी वेल्ड करू नका, रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते.

आता नोझलना दाबाने डिझेल पुरवणारा पंप. या गाड्यांवर बहुतेक वेळा बेंगळुरूच्या मायकोचा, बॉश पद्धतीचा लांबट पंप असतो. त्याच्या आत एक दांडी पुढे-मागे सरकून किती डिझेल जायचं ते ठरवते. गाडी उभी राहून डिझेलचा चिकट थर जमला की ही दांडी जिथे असेल तिथे अडकते. ती ‘फुल’ला अडकलेली असली आणि इंजिन लागलं, तर ते सुटतं: आवाज चढतच जातो, चावी बंद करून उपयोग नाही, कारण डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. म्हणून पहिल्यांदा सुरू करण्याआधी पंपाची बाजूची झाकणी काढून दांडी बोटाने सरकते का पाहा, आणि इंजिन बंद करायची स्टॉपची तार ओढल्यावर ती शून्यावर परत येते का तेही. अडकली असेल तर पंप सोडवून पंप-नोझलवाल्याच्या टेस्ट बेंचवर द्या. घरी पंप उघडायचा नाही.

टाकीऐवजी स्वच्छ डिझेलचा कॅन उंचावर टांगा. नवा फिल्टर घाला. मग हवा काढायची: फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप दाबत राहा, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नितळ धार, तेव्हा स्क्रू आवळा. तेच पंपावरच्या स्क्रूला. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल ठिबकलं की आवळा. दाबाने उडणाऱ्या धारेजवळ हात नेऊ नका, ती कातडीतून आत शिरते.

सुरू करताना एक माणूस स्टॉपच्या तारेवर आणि एक इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी सपाट जाड फळी घेऊन उभा. इंजिन सुटलं तर फळी तोंडावर दाबायची. हात किंवा फडकं कधीच नाही. लागलं की पहिली नजर ऑइलच्या काट्यावर. काही सेकंदांत काटा हलला नाही तर बंद. पांढरा-निळा धूर थोडा वेळ येईलच, सिलिंडरमध्ये आपणच तेल घातलेलं असतं.

बॉडी आणि रंग

इथे ‘मूळ रूप’ हा शब्द जपून वापरा. त्या काळी कंपनी बहुधा चासी, इंजिन, बोनेट आणि काउल (बोनेटमागचा पत्र्याचा भाग) एवढंच द्यायची. केबिन आणि हौदा स्थानिक सुतार-लोहार बांधायचे. पंजाबात बांधलेली केबिन वेगळी, कोल्हापूरची वेगळी. त्यामुळे कॅटलॉगमधलं चित्र शोधत बसण्यापेक्षा आपली गाडी कुठे बांधली गेली ते जुन्या मालकाकडून काढा आणि एखादा जुना फोटो मिळतो का पाहा. लाकूड काढताना प्रत्येक फळीचं माप आणि जोड टिपून ठेवा. कुजलेली तेवढीच बदला. फाळक्याच्या (हौद्याच्या उघडणाऱ्या फळीच्या) बिजागऱ्या आणि साखळ्या फेकू नका, तशा ओतीव आता मिळत नाहीत. जुना रंग पाण्याने ओला करून घासा, त्यात शिसं असतं.

मागच्या बाजूला रंगाऱ्याकडून ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहून घ्यायची सगळ्यांना हौस असते. महाराष्ट्रात परिवहन आयुक्तांनी 2015 मध्ये मालवाहू गाड्यांवर ते लिहायला मनाई केली, तेव्हा पासिंगला न्यायची गाडी असेल तर फुलं, मोर, लिंबू-मिरची यांवर भागवा.

चालू झाल्यावर

उभा ट्रक चालत्या ट्रकपेक्षा लवकर खराब होतो. पंधरवड्यातून एकदा बाहेर काढा आणि काटा नेहमीच्या तापमानाला येईपर्यंत दहा-पंधरा किलोमीटर चालवा. जागेवर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं म्हणजे देखभाल नव्हे. त्याने ऑइलमध्ये पाणी साचतं आणि नोझलला काजळी धरते. परत आल्यावर हवेच्या टाकीचा कॉक उघडून पाणी सोडा. किंगपिन, पाट्यांच्या पिना, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांच्या निपलला ग्रीसपंप लावा, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत.

पावसाळ्याआधी हौद्याच्या लाकडाला वाळवीचं औषध आणि तेल, चासीला आतून मेणाचा थर. कोकणात गाडी असेल तर हे वर्षातून दोनदा. चार महिने हलवायची नसेल तर बॅटरी सोडवा, अ‍ॅक्सल घोड्यांवर घ्या, टाकी डिझेलने काठोकाठ भरा म्हणजे आत दव धरत नाही, आणि एक्झॉस्टच्या तोंडाला जाळी बांधा, उंदीर तिथूनच आत जातात. जाळी बांधली आहे अशी चिठ्ठी स्टिअरिंगला लावायला विसरू नका.