नवीन काच शोधायचीय? मण्यापासून सुरू करा की!

आमच्या बेळगावात उद्यमबागच्या फौंड्रीतल्या पोरांना सिलिका सँड माहितीच आहे, पण त्या वाळूची काच करायची तर १७०० डिग्रीच्या आसपास जावं लागतंय, म्हणून साध्या काचेत सोडा घालून ते तापमान खाली आणतात आणि पाण्यात विरघळू नये म्हणून चुना.

घरी त्या वाळूऐवजी टाकणखार (बोरॅक्स) घ्या, सोनार वापरतात तोच. गॉगल लावा, खिडकी उघडी ठेवा. निक्रोम तारेला (हीटरच्या कॉइलमधली असते ती) बारीक कडी करा, गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीवर लाल करा, टाकणखारात बुडवा, परत तापवा. आधी फुगतंय, मग पाण्यासारखा स्वच्छ मणी होतोय, ही झाली काच! आता त्याला मोरचुदाचा अगदी कणभर लावून परत वितळवा, गार झाला की निळसर दिसतोय. कोबाल्टनं गडद निळा, मँगनीजनं जांभळा.

खरी मजा पुढं आहे. तीन ऑक्साइड (वाळू, चुना असली ऑक्सिजनची संयुगं) घेऊन प्रमाण १०-१० टक्क्यांनी बदललं तर ६६ मिश्रणं होतात, आणि दहा घेतले की ९२,३७८! सगळी कोण वितळवणार? म्हणून कागदावर त्रिकोण काढा, तीन कोपऱ्यांत तीन पदार्थ, आतला प्रत्येक बिंदू म्हणजे एक मिश्रण, आणि थोडेच बिंदू निवडा, एकमेकांपासून लांब लांबचे. जिथं मणी दुधाळ झाला तिथं बहुतेक काचेऐवजी स्फटिक झालेत, त्या बाजूला अजून बारीक पावलं टाका, काच आणि स्फटिकाची सीमा तिथंच सापडते. वजन मात्र दर वेळी वहीत लिवा, अंदाजपंचे नको.